सावध, मोकळं, थांब

१

ओतोमार ह्लादिकची स्मरणशक्ती आता पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांच्या आधी सांगून टाकतो. त्या सकाळी लिंडनची पानं पिवळी पडली होती की नुकती पडायला लागली होती, वारा होता की नव्हता, यावर तो स्वतःशीच वाद घालतो आणि हरतो. उभा जन्म त्यानं झाडांचे रोग शिकवण्यात घालवला. पुरावा नसेल तर बोलू नये, असं विद्यार्थ्यांना सांगता सांगता शेवटी त्याची स्वतःचीच जीभ अडखळायला लागली. पण त्या सकाळी झाडाखाली आपण तो एक शब्द मोठ्यानं उच्चारला, याबद्दल मात्र त्याला शंका नाही. शंका असती तर बरं झालं असतं.

मोरावियातल्या त्या नदीकाठच्या गावात दर शनिवारी पाचसहा म्हातारी माणसं दोर घेऊन झाडांवर चढत. हौस म्हणून. लोक हसत, तरी चढत. या हौसेच्या बदल्यात गावातल्या थोर झाडांची देखभाल त्यांनी अंगावर घेतली होती. नगरपालिकेची शिडीची गाडी रस्त्याकडेच्या झाडांपुरती. शाळांची आवारं, दफनभूमी, जुन्या दारूभट्टीमागची चेस्टनटची रांग, जिथं गाडी जात नाही तिथं हे शनिवारवाले. वाळलेल्या फांद्या काढायच्या, ढोल्या तपासायच्या, दुभंगू पाहणाऱ्या खोडांना वर पट्टे बांधायचे.

ओतोमारला झाडावर चढायला शिकवलं लिबुशेनं. लिबुशेचा सगळा जन्म रेल्वेच्या सिग्नल-केबिनमध्ये गेला होता. ती म्हणायची, "तू झाडांबद्दल सगळं जाणतोस, प्रोफेसर, फक्त झाडाला तुझी ओळख नाही." आणि त्याच्या कंबरेचा पट्टा ती असा आवळायची, की त्याला श्वास घेण्यापूर्वी परवानगी मागावीशी वाटे.

शनिवारवाल्यांचे नियम तिनंच घालून दिले होते, सिग्नलसारखे. वरचा माणूस काही खाली सोडणार असला, की ओरडणार, "सावध!" खालचा आजूबाजूला बघणार आणि म्हणणार, "मोकळं!" ते ऐकल्याशिवाय वरून काडीसुद्धा पडता कामा नये. खाली कोणी असेल तर खालचा म्हणणार, "थांब!" आणि एकदा थांब म्हटलं, की ज्या तोंडानं ते म्हटलं त्याच तोंडानं मोकळं म्हणायचं. दुसऱ्या कोणी नाही. शिवाय एक नियम असा, की तो बोलूनही दाखवायची गरज नव्हती: वर माणूस असताना खालच्यानं दोर सोडून जायचं नाही. आकाश कोसळलं तरी नाही.

२

ते लिंडन बालवाडीच्या मागच्या अंगणात होतं. बालवाडीपेक्षा, बहुधा त्या गल्लीपेक्षाही जुनं. त्याच्या सावलीत वाळूचा हौद होता, एक झुलता घोडा होता, आणि जूनमध्ये त्याच्या फुलांचा चहा करून पोरांना खोकल्यावर देत. नगरपालिकेला ते तोडायचं होतं. एका वादळात शेजारच्या गावात असलंच एक झाड एका गाडीवर पडलं होतं, तेव्हापासून त्यांना सगळी मोठी झाडं वैरी वाटायला लागली होती. ओतोमार म्हणाला, आधी वर जाऊन बघू द्या. ते म्हणाले, बघा, आणि लिहून द्या.

मुख्याध्यापिका ब्लाझेनाबाईंनी त्याला स्वयंपाकघरात बसवून आलुबुखाऱ्याच्या जॅमची गोल पोळी खायला घातली आणि मग म्हणाल्या, "झाड मला हवंय, प्रोफेसरसाहेब. त्याच्याशिवाय हे अंगण म्हणजे नुसती फरशी. पण माझ्याकडे एवढीएवढीशी पोरं आहेत. तुम्ही 'धोका नाही' म्हणालात, तर तुमच्या शब्दावर मी त्यांना खाली सोडणार. कागदावर नाही. शब्दावर."

त्यानं उरलेली पोळी बशीत ठेवली.

पहिल्या दिवशी वर चढायचा बेतच नव्हता. दोर वर टाकायला जागा कुठली हे तेवढं खालून बघायचं होतं. लिबुशे गाडीतून हेल्मेटं आणायला गेली. पोरं आत गाणं म्हणत होती. ओतोमार खोडाजवळ ओणवा होऊन दोराचा गुंता सोडवत होता. दोर अजून पिशवीतून धड बाहेरही आला नव्हता.

वरून आवाज आला, "सावध!"

कामाचा आवाज. ओरडा नव्हता, घाई नव्हती. फांदी हातात आहे, कापून झाली आहे, आता फक्त तुझ्या होकाराची वाट, असा. आणि ओतोमारनं मान वर न करता, हातातल्या गाठीवरची नजर न काढता म्हटलं, "मोकळं!"

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं, की वर कोणी नाही.

मग ते पडायला लागलं. पानांतून येणाऱ्या जड फांदीचा आवाज त्याच्या इतका ओळखीचा होता, की तो मागे सरला, डोक्यावर हात घेतले. वरच्या फांद्यांना घासत, मध्ये कुठं अडकून, पुन्हा सुटून, खालच्या पानांतून सळसळत आवाज खाली खाली आला. डोक्याच्या उंचीपर्यंत आला.

आणि थांबला.

आदळण्याचा आवाज आलाच नाही. ओतोमारनं हात खाली घेतले. गवतावर काही नव्हतं. वर एक पानसुद्धा हलत नव्हतं. त्याच्यासमोर, खोड आणि तो यांच्यामध्ये, हातभर रिकामी जागा होती, आणि का कोण जाणे, त्या जागेतून दोराची पिशवी उचलायला त्याचा हात पुढे होईना.

३

"सोयका पक्षी, नकला करतो तो," लिबुशे म्हणाली. "नाहीतर मैना. माझ्या केबिनच्या छपरावरची मैना गार्डाची शिट्टी अशी हुबेहूब घालायची, की एकदा मालगाडी निघाली असती."

"मैना 'सावध' म्हणते?"

"गेलं वर्षभर आपण या गावात 'सावध' म्हणत हिंडतोय. तिला दुसरं काय ऐकायला मिळालं बिचारीला? तुझी व्याख्यानं?"

त्याला हसू आलं, आणि बरंही वाटलं. पक्षी. का नाही? आवाजाची नक्कल करतात हे सिद्ध आहे. आणि पडण्याचा आवाज? वरची वाळकी काटकी अर्ध्यात अडकली असेल. त्यानं सगळं मनात नीट मांडलं, जसं तो विद्यार्थ्याचा प्रबंध मांडायला लावी. सगळं जागेवर बसत होतं. फक्त एक गोष्ट बसेना, आणि ती त्यानं लिबुशेला सांगितली नाही. पक्षी हाक मारून उत्तराची वाट बघत नाही. त्या हाकेनंतरची शांतता वाट बघणारी होती.

"तू ऐकलंस का काही?" त्यानं विचारलं.

"मी गाडीच्या डिकीत डोकं घालून होते. आणि माझा उजवा कान इंजिनांनी कधीच खाल्लाय." ती हेल्मेटचा पट्टा ओढत त्याच्याकडे बघत राहिली. "काय झालंय रे तुला? असा का उभा आहेस त्या खोडापासून लांब?"

त्या दिवशी त्यांनी दोर वर टाकलाच नाही. गुडघा दुखतो, असं तो म्हणाला.

४

पुढच्या आठवड्यात तो एकटाच गेला. रबरी हातोड्यानं खोड ठोकून बघायचं होतं. पोकळ असलं की आवाज बदलतो. दिवसाउजेडी, जेवणाआधीची वेळ, पोरं अंगणात, कोवळं ऊन. इतकं साधं चित्र, की आपल्या भीतीची त्याला लाज वाटली.

त्यानं खालून वर ठोकत ठोकत खोडाला फेरी घातली. खोड घट्ट होतं. भरीव, जिवंत. आनंदानं त्यानं सालीवर थाप मारली, घोड्याच्या मानेवर मारतात तशी.

तेवढ्यात हौदातली सगळी पोरं एका सुरात ओरडली, "मोकळं!"

आणि पुन्हा वाळू उकरायला लागली.

ओतोमारच्या हातातला हातोडा तसाच राहिला. बाकावर बसलेल्या ब्लाझेनाबाई हसल्या. "तुमच्याकडूनच उचललंय त्यांनी. आता दिवसभर तेच चाललेलं असतं. झोपायच्या वेळीसुद्धा एखादं उठून 'मोकळं' म्हणतं."

"खेळ आहे का?"

"खेळच की. सगळी मिळून एकदम. कुठून यांना सूर सापडतो देव जाणे, गाण्यात तर एक पोर दुसऱ्याच्या पट्टीत नसतं."

"आणि..." त्यानं विचारलं, आणि विचारताना आवाज सहज ठेवायचा त्यानं खूप प्रयत्न केला, "यांच्यातलं 'सावध' कोण म्हणतं?"

ब्लाझेनाबाईंनी क्षणभर विचार केला.

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "ती फक्त उत्तर देतात."

एक लहानगी हौदाच्या काठावर उभी होती. लाल टोपी, नाक वाहतंय. ती मान वर करून शेंड्याकडे बघत नव्हती. ती खोडाकडे बघत होती, साधारण मोठ्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर. तिनं हात हलवून कोणाला तरी टाटा केला.

"कोणाला गं?" ओतोमारनं विचारलं.

"आजोबा, तुम्हाला नाही," ती म्हणाली, आणि वाळूत बसली.

५

त्या रात्री झोप आली नाही, हे सांगण्यासारखं नाही. त्याला तशीही येत नसे. सांगण्यासारखं हे, की सकाळी उठला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं. जन्मभर ज्याचं काहीच ठरत नसे, दुकानात दोन पावांमधला एक निवडताना ज्याला घाम फुटे, त्या माणसाचं.

हिशोब सरळ होता. एकतर तो भ्रमिष्ट झाला होता. तसं असेल तर वर काहीच सापडणार नाही, झाड वाचेल, आणि त्याचं त्याला डॉक्टरकडे जाता येईल. नाहीतर वर काहीतरी होतं, ज्याला त्यानं न बघता वाट मोकळी करून दिली होती, आणि आता पोरं ती रोज देत होती. मग वर जाऊन बघणं हे त्याचंच काम. झाड तोडून टाका असं लिहून देणं सोपं होतं. पण कशाला घाबरून तोडलं हे त्याला सांगता आलं नसतं, आणि न कळलेल्या कारणासाठी त्यानं आजवर एक पानही तोडलेलं नव्हतं. आणि धोका नाही म्हणणं तर त्याहून सोपं. पण ब्लाझेनाबाई शब्दावर पोरं सोडणार होत्या.

लिबुशेला त्यानं सगळं सांगितलं. लाल टोपीवालीचंही. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती चहात रम ओतत होती, ओतणं थांबलं.

"तू वर जाणार म्हणजे जाणार?"

"हो."

"मग खाली मी," ती म्हणाली. "दुसरं कोणी नको. आणि पोरं आत. दारं बंद. अनेष्काला सांगते, जेवण होईपर्यंत एकालाही बाहेर सोडायचं नाही." अनेष्का म्हणजे बालवाडीची स्वयंपाकीण. "आणि प्रोफेसर, वर काही दिसलं तर आधी पाय घट्ट ठेव, मग घाबर. उलट्या क्रमानं नको."

६

बारीक दोरी बांधलेली छऱ्यांची पिशवी पहिल्याच फेकीत मधल्या बेचक्यातून पार झाली. एरवी त्याला दहादा टाकावी लागे. दोर ओढून घेतला, दोघांनी त्याला लोंबकळून भार देऊन पाहिला, आणि पायाच्या फासात पाय देत, सरकगाठ वर ढकलत, ओतोमार हळूहळू जमिनीपासून सुटला.

चढताना त्याला कायम वाटे, की काळजी जड असते, ती खालीच राहते. आजही वाटलं. पानं पिवळी होती, हो, पिवळीच होती, कारण आतला उजेड मधासारखा होता. मधल्या बेचक्यात दोर बदलून तो आणखी वर गेला, जिथं खालून नजर पोचत नव्हती.

वर कोणी नव्हतं.

तो हेल्मेट खोडाला टेकवून हसला. मग त्याला बेचकं दिसलं.

शेंड्याजवळच्या त्या बेचक्यात साल गुळगुळीत झाली होती. दोर वर्षानुवर्षं एकाच जागी घासला की जशी होते तशी, पन्हळ पडलेली, हाताला काचेसारखी. इतक्या उंच शनिवारवाल्यांपैकी कोणी कधी दोर टाकला नव्हता. आणि त्या बेचक्याखालून हौदाच्या बरोबर वर गेलेली एक थोराड फांदी, तिला करवतीचा काप दिलेला होता. खालून थोडा, वरून खोल. कसबी हाताचा काप. फांदी आता मधल्या चिपाट्यावर तेवढी उभी होती. पण काप ताजा नव्हता. तो काळा पडला होता, दोन्ही बाजूंनी सालीचे ओठ वाढून त्याच्यावर आले होते. कोणीतरी फार पूर्वी ही फांदी सोडायच्या बेतात आणली होती, "सावध" म्हटलं होतं, आणि मग बहुधा खालून उत्तर आलं नव्हतं.

बसायची जागाही होती. फांदीच्या बगलेत, झिजलेली. आणि ती रिकामी होती.

ओतोमारला एकदम थंडी वाजली, पण पाय घट्ट होते. ही फांदी पहिल्या वादळात खाली येणार. तिच्याखाली हौद. भुताचं नंतर बघू. ही आज, आत्ता, हातानं खाली गेली पाहिजे. त्यानं जाडा दोर वर मागवला, बेचक्यावरून घेतला, फांदीला बांधला, मोकळं टोक खाली सोडलं. खालून लिबुशेचा आवाज आला, "खोडाला वेढे घातलेत! धरलाय!" पानांमुळे ती दिसत नव्हती.

त्यानं करवत काढली आणि छाती भरून ओरडला, "सावध!"

चूक त्याच्या लगेच लक्षात आली. आत, जेवायच्या टेबलांवर, पोरांनी ते ऐकलं. दार धाडकन उघडलं, आणि ती सगळी किलबिलत, चमच्यांसकट, अंगणात धावली. त्यांना उत्तर द्यायचं होतं ना.

"थांब!" लिबुशे किंचाळली. "थांब! थांब!"

ओतोमारनं करवत छातीशी धरली. खाली धावपळ, रडारड, अनेष्काच्या शिव्या, कोणीतरी पडलं, मग दार आपटलं. मग शांत. त्यानं वाट बघितली. नियम नियमासारखा होता. जिनं थांबवलं तिनंच सोडायचं. हातांना मुंग्या आल्या. फांदी कण्हली.

"मोकळं," खालून आवाज आला.

लिबुशेचा आवाज. बरोबर खोडाच्या पायथ्याशी, शांत, कामाचा. ओतोमारनं करवत लावली. चारदोन हात ओढताच चिपाटं तुटलं आणि फांदीचा भार दोरावर गेला.

इतकी सुरेख फांदी उतरलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. धक्का नाही, हिसका नाही. पानांतून वाट काढत, आडवी, संथ, पाळणा सोडावा तशी ती खाली गेली. जाताना पानं बाजूला झाली आणि क्षणभर त्याला खालचं दिसलं. लिबुशे दिसली नाही, खोड आड येत होतं. दिसले फक्त दोन हात, दोर सोडणारे, एकामागून एक. उघडे. लिबुशे हातमोज्यांशिवाय कधी दोराला हात लावत नसे. आज खरडून निघणार, असं त्याच्या मनात आलं. आणि दोर खोडाभोवती गेलेला दिसेना. तो वरून थेट त्या हातांत जात होता. एवढ्या फांदीचा भार नुसत्या हातावर माणसाला पेलत नाही. पण वरून कोन फसवा असतो. बोटंसुद्धा वरून लांब दिसतात.

पानं पुन्हा मिटली.

७

"उतरलो!" पाय टेकताच तो नेहमीसारखा ओरडला.

फांदी हौदाच्या कडेनं गवतावर सरळ निजवलेली होती. गाठ सोडवून दोर गुंडाळून ठेवला होता. लिबुशे मात्र तिथं नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली आणि पायरीवरच उभी राहिली.

"वा!" ओतोमार म्हणाला. त्याच्या अंगात विशीतला जोर आला होता. "अगं, बाळ ठेवतात अशी ठेवलीस! आणि पोरांकडे जाऊन पण आलीस?"

लिबुशे फांदीकडे बघत होती. मग दोराच्या वेटोळ्याकडे.

"तुला माझा आवाज नीट ऐकू आला ना?" तिनं विचारलं.

"स्पष्ट."

"काय ऐकू आलं?"

"थांब. मग मोकळं."

ती पायरीवर बसली. हातमोजे काढायला लागली, आणि ते काढायला तिला फार वेळ लागला.

"हो," ती म्हणाली. "बरोबर."

दोर तिनं उचलला नाही. ओतोमारनंच तो पिशवीत भरला. त्यानंतर लिबुशे झाडावर चढली नाही, कोणाच्या खालीही उभी राहिली नाही. गुडघे, म्हणाली. सगळ्यांनी मान्य केलं, त्या वयात गुडघे हे कोणीही मान्य करतं.

त्याला वाटलं होतं, ती बोलेल. पण ती विषय काढू देत नसे, आणि तोही फार मागे लागला नाही. झाड वाचलं होतं. त्यानंतर कितीतरी सकाळी तो मुद्दाम लिंडनखाली जाऊन उभा राहिला, कान देऊन. वरून एकही हाक आली नाही. पोरंही तो खेळ विसरली. त्यानं लिहून दिलं, धोका नाही, आणि ब्लाझेनाबाईंच्या समोर उभं राहून तोंडानंही सांगितलं. आपल्या शब्दावर इतका निर्धास्त तो आयुष्यात कधी नव्हता. जे काही होतं ते वर होतं, आणि वर जाऊन त्यानं ते संपवलं होतं.

८

लिबुशे गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. नाताळच्या आधी चौकात कार्प माशांची टोपं मांडलेली असतात, तिथल्या रांगेत ब्लाझेनाबाई भेटल्या. निवृत्त झालेल्या, गुटगुटीत, पिशवीत मासा तडफडतोय. लिबुशेचा विषय निघाला.

"भली बाई," त्या म्हणाल्या. "त्या फांदीच्या दिवशी ती नसती तर मी तुरुंगात असते. काय धावत आली! एकेकाला उचलून आत फेकलं, आणि मग दाराला खांदा लावून उभी. पोरं अशी रेटत होती दार, काय सांगू, वेड लागल्यासारखी. सगळ्यांना बाहेर जायचं होतं."

"पण मग ती लगेच परत बाहेर आली," ओतोमार म्हणाला. "दोर धरायला."

"छे हो! ती कुठली जाते?"

"तुमची आठवण चुकत असेल," तो म्हणाला. त्याला त्या चुकायला हव्या होत्या. "माझीही चुकते."

"असेल बाबा," त्या म्हणाल्या, आणि मासा सांभाळत निघून गेल्या.

एका साक्षीवर तो कधी विसंबला नव्हता. आणि लिबुशेला विचारायची सोय राहिली नव्हती. रांग सोडून तो तसाच बालवाडीकडे गेला. अनेष्का अजून तिथंच कामाला होती. खिडकीबाहेर लिंडन उघडंबोडकं उभं होतं, आणि त्याच्याखाली नवीन पोरं बर्फ तुडवत होती, कितीतरी पोरं, कोणाच्या तरी शब्दावर सोडलेली. अनेष्कानं हात पुसले, त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि तिला अजिबात आठवावं लागलं नाही.

"लिबुशे ना? ती माझ्या शेजारी होती. दाराच्या आतल्या बाजूला. तुम्ही 'उतरलो' म्हणून ओरडलात ना, तोवर तिनं कडीवरचे हात काढले नाहीत, साहेब. दोन्ही हात."